दोन इंजिनं, एक नंबर

निवृत्त स्टेशनमास्तर टिपणीसांनी जेवणाच्या टेबलावर खेळण्यातली रेल्वे मांडली. एकाच रुळावर दोन इंजिनं वेगवेगळी चालवता यावीत म्हणून त्यांनी डिजिटल कंट्रोलर निवडला, वायरी जोडल्या आणि बायकोला ऐटीत हाक मारली.

"शालन, बघ. फक्त निळं इंजिन धावेल."

बटण दाबताच निळं धावलं आणि समोरून लालही. टिपणीस इंजिनांवरच ओरडले, "थांबा! थांबा!" धडक होऊन लाल इंजिन आमटीत पडलं.

शालनताईंनी माहितीपत्रक चाळलं. "अहो, दोघांना वेगळे नंबर द्यायचे असतात. तुम्ही एकच दिलाय."

टिपणीसांचा चेहरा पडला. सदतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एकही अपघात झाला नव्हता. "कुणाला सांगू नकोस," ते काकुळतीने म्हणाले.

"नाही सांगत. पण कंट्रोलर इकडे द्या."

संध्याकाळी शालनताई दोन्ही गाड्या झोकात पळवत होत्या आणि टिपणीस इमानेइतबारे फाटक सांभाळत होते.