आठवी लाट

साकीनाक्याच्या एका गेम कंपनीत संघमित्रा झॉम्बींच्या लाटा आखायची: कितव्या लाटेत किती झॉम्बी, किती वेगाने. त्या दुपारी तिने आठवी लाट तपासायला घेतली. तीस झॉम्बी फाटकातून आत आले, पण खेळाडूवर धावलेच नाहीत. त्याच्याकडे पाठ करून ते फाटकाबाहेर बघत उभे राहिले.

"चैतन्य, हे तू केलंस?" तिने शेजारच्या प्रोग्रामरला विचारलं.

"मी हातही लावला नाही गं. बाहेर काय आहे?"

"काहीच नाही. बाहेरचं आपण बनवलंच नाही."

तिने आकडा शंभर केला. शंभरही धावत आले, वळले आणि हळूहळू मागे सरकू लागले. खेळाडूची पाठ भिंतीला टेकली.

संघमित्राला भीती वाटली नाही, काहीच वाटलं नाही. तिने आकडा पाचशे केला.

या वेळी फाटकातून एकही आला नाही.