हसण्याचा शॉट

कितीतरी वर्षांनी सेटवरून बोलावणं आलं, तशा साठी उलटलेल्या हेमांगीताई केसांत वेणी माळून निघाल्या. तरुणपणी त्यांनी आपला चेहरा चॅनेलला विकला होता. तेव्हापासून मालिकेत त्यांची संगणकी छबीच काम करायची, तिशीतलीच राहून. ताई घरी बसून तिला बघायच्या.

"ताई, आज मालिकेत तुम्ही मेलात," दिग्दर्शक उन्मेष म्हणाला. "मरणाच्या शॉटनंतर कलाकाराला कॅमेऱ्यासमोर हसवून घेतात ना, अपशकुन नको म्हणून? खऱ्या हेमांगीनेच हसायला हवं, म्हणून युनिट अडून बसलंय."

"आणि माझा रोल?"

"रोल कुठला हो! नुसतं हसायचं."

कॅमेऱ्यासमोर उभ्या राहून त्या हसल्या. अगदी पूर्वीसारख्या हसल्या.

संगणकाकडे बघत उन्मेष चुकचुकला. "चेहरा जुळत नाही. ह्या हेमांगी नव्हेतच, म्हणतोय संगणक."

"मग रे?"

"राहू दे ताई. त्याच्या हेमांगीलाच हसवतो."

पडद्यावर तिरडीवरची तरुण हेमांगी उठून बसली आणि खळखळून हसली. अपशकुन टळला म्हणून युनिटने टाळ्या वाजवल्या.

हेमांगीताईंनीही वाजवल्या.