तीन रिकामे गोल

"मग तिघं गेले कुठे?" उखर्डूनानांनी टेबलावर बोट आपटलं.

"आबा, रजिस्टर म्हणजे काही तुमची सून नाही, दटावलं की ऐकायला," गिरधर म्हणाला. धुळ्याच्या त्या अभिलेख कक्षातली जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरं त्याच्या ताब्यात होती. "बाप मोतीलाल आनंदा, कापसाच्या जिनातला तोलाईदार. या नावावर एकही जन्म नाही. मूल दगावल्याची नोंदही नाही. तुमच्या आधीची सगळी वर्षं झाली बघून."

सून वृषाली शेजारीच बसली होती. तिने पान उलटलं.

सकाळच्या बसने दोघं जळगावहून आली होती. नानांची सगळी नोकरी पाइपच्या कारखान्यात गेली. वंशावळीचा तक्ताही त्यांनी पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात गुंडाळून आणला होता. सात पिढ्या. सहाव्या ओळीत मोतीलालच्या खाली तीन रिकामे गोल होते, आणि चौथ्यात 'उखर्डू'. त्याखाली प्रेमराज. प्रेमराजच्या खाली कोरा कागद.

नाव सांगितलं की जुनी माणसं नानांना लगेच विचारायची, "आधीची गेली का?"

"तीन," नाना सांगायचे.

लागोपाठ मुलं गेली की पुढचं मूल जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवायचं. नकोसं झालं म्हणून टाकलं, असं दाखवायचं. मग सुपात घालून घरात आणायचं. टाकलेल्या मुलावर मरणाची नजर जात नाही, अशी समजूत. असे उखर्डू खान्देशात गावोगाव होते. नानांची आई, सुंदरबाई, हेच सांगायची. "तुले मी उकिरडावरथीन सुपमा लई उनू." आधीची तीन गेली, हे शेजारणी सांगायच्या. त्या तिघांची नावं विचारली की सुंदरबाई काही तरी काम काढून उठायची.

तक्ता छापायला द्यायचा होता. तीन गोल भरल्याशिवाय नाना तो देणार नव्हते.

वृषालीचा फोन वाजला. प्रेमराज होता.

"संस्थेचा पुन्हा फोन आला होता," तो म्हणाला. "आज शेवटचा दिवस आहे. हो की नाही, कळवायचंय. नाना काय म्हणतात?"

तिने नानांकडे पाहिलं. अकरा महिन्यांची मुलगी होती. फोटो वृषालीच्या फोनमध्ये होता. नऊ वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या चढून झाल्यावर दोघांनी दत्तक घेण्यासाठी अर्ज केला होता. नानांनी फोटो पाहिलाच नव्हता.

"नाना, प्रेमराज विचारतायत."

"बसमध्ये सांगितलं ना? पाइपाला जोड देता येतो, वंशाला नाही. कोणाचं रक्त, कोणाचं पाप, काय माहीत! ती पोर घरात आली तर मी घराबाहेर."

"तिचा काय दोष, नाना?"

"दोष नसेल. पण आपली नाही." नानांचा आवाज जरा उतरला. "बेटा, माझ्या आईची तीन गेली. तरी मी आलोच ना? रक्त आपली वाट काढतं. त्यासाठीच तर तुला सोबत आणलं. ती तीन नावं तू स्वतःच्या डोळ्यांनी बघ, म्हणजे धीर येईल."

गिरधरने चहाचा कप उगाचच सरकवला.

"ऐकलंस?" वृषाली फोनवर म्हणाली.

"ऐकलं."

"मग नाही कळव."

प्रेमराजने फोन ठेवला. पाच मिनिटांनी त्याचा एका शब्दाचा मेसेज आला. 'कळवलं.' वृषालीने फोन टेबलावर पालथा ठेवला.

"आता माझीच नोंद शोध," नाना म्हणाले. "शाळेत एक जून लावली, सगळ्यांची लावायचे तशी. खरा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. आई दरवर्षी त्या दिवशी पुरण घालायची."

गिरधरने जुन्या पंचांगात तारीख पाहिली आणि पान काढून दिलं. वृषालीने बापाच्या नावाचा रकाना वरपासून खालपर्यंत पाहिला. मोतीलाल नव्हता. मग तिचं बोट शेजारच्या रकान्यावर गेलं. 'खबर देणाराचे नाव.' तिथे ते थांबलं.

"मोतीलाल आनंदा," ती म्हणाली. "इथे आहे."

"सापडलं!" नाना खुर्चीतून अर्धे उठले. "बघा गिरधरभाऊ! मना बाप स्वतः येऊन नोंद करी गया. तुम्ही म्हणता, नाही!"

"आबा, पण हा खबर देणाराचा रकाना आहे," गिरधर म्हणाला.

"म्हणजे काय? बापाशिवाय दुसरा कोण येणार खबर द्यायला? बापाच्या रकान्यात काय लिहिलंय?"

"आडवी रेघ आहे," वृषाली म्हणाली.

"कारकुनाचा आळस. एकदा लिहिलेलं नाव पुन्हा कोण लिहितं?" नानांनी पाइपमधून तक्ता काढला, टेबलावर पसरला, पेनचं टोपण उघडलं. "शेरा असेल शेवटी. आधीची किती, कधी गेली, लिहिलं असेल त्यात. वाच."

वृषाली वाचत होती, पण मनात.

"मोतिबिंदूनं माझ्या डोळ्यांचं हे असं झालंय. जोरमा वाच. गिरधरभाऊलाही ऐकू दे. बठ्ठं वाच, काही सोडू नको."

वृषालीने रजिस्टर जवळ ओढलं आणि फोनवर बोलली होती त्याच आवाजात वाचलं, "मूल पुरुष जातीचे, अंदाजे दोन दिवसांचे, जिनामागील उकिरड्यावर जिवंत मिळून आले. आईबाप नामालूम. खबर देणार यास अपत्य नसल्याने त्याचे मागणीवरून मूल त्याचे हवाली केले."