पक्कड

सेलूच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात पंपाची जळालेली मोटार भरायला आता चष्म्यातून शिकवतात. चष्मा लावला की समोरच्या खऱ्या मोटारीवर दोन हात दिसतात आणि तार कशी गुंडाळायची ते करून दाखवतात. आपण चुकलो की तेवढंच पुन्हा दाखवतात.

मला पहिल्याच दिवशी ते हात डावखुरे दिसले. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं.

"सर, ह्या हातांना मोजे का न्हाईत?"

शिवशंकर सरांनी माझा चष्मा स्वतः लावून बघितला. "हायेत की, पिवळे. सगळ्यांना एकच पाठ हाय, विजयमाला."

मी चष्मा परत लावला; मला ते हात उघडेच दिसले. चारठाण्याला अण्णांचं, माझ्या वडिलांचं, मोटारी भरायचं दुकान होतं. अण्णांना जाऊन तीन वर्षं झाली.

त्या पहिल्या दिवसापासून मी मुद्दाम चुकायला लागले. बाकीच्या पोरी पुढच्या पाठावर गेल्या. मी रोज तोच वेढा चुकीचा घालायची आणि ते हात न कंटाळता तो पुन्हा घालून दाखवायचे.

आज दुपारी ते हात मध्येच थांबले. डावा हात मोटारीवरून उचलला गेला आणि त्याचा तळवा माझ्यापुढं उघडला. काम करताना अण्णा असाच, वर न बघता, हात पुढं करायचे. काय पाहिजे ते त्यांना कधी सांगावं लागलं नाही.

मी टेबलावरची पक्कड त्या तळव्यावर ठेवली आणि माझा हात हळूच काढून घेतला.

पक्कड खाली पडली नाही.