झिपऱ्याची राखण

बिभीषणनं सगळी मेंढरं शेजारच्या गावातल्या माणसाला विकली. ती नेताना झिपऱ्याला घरात कोंडून ठेवलं होतं. सोडल्यावर तो कुत्रा दोन दिवस रानोमाळ हुंगत फिरला आणि तिसऱ्या दिवशी त्यातली एक मेंढी वळत दारात घेऊन आला.

"मेंढरं हरवली आसं वाटलं आसंल त्याला," बिभीषणची बायको मनकर्णा म्हणाली.

बिभीषणनं झिपऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पण त्याच्याकडं बघितलं नाही. "मेंढी परत द्यावी लागंल," म्हणत तो तिला टेम्पोत चढवायला लागला.

झिपऱ्या आडवा आला आणि गुरगुरला. त्याचं असं गुरगुरणं बिभीषणनं एकदाच ऐकलं होतं, मेंढरांत लांडगा शिरला होता तेव्हा.