आडवी सायकल

मागून गाडी इतकी अंगावर आली, की रविवारच्या रपेटीला निघालेल्या कुमुदताई सायकलसकट शेतात पडल्या. “काकू, या वयात घरी बसा!” चालवणारा तरुण हसत पुढे गेला.

कोपर सोलवटलं, पण ते हसणं जास्त झोंबलं. सायकल उचलून त्या तडक त्याच्यामागे निघाल्या.

वळणावर मेंढ्यांच्या कळपात तीच गाडी अडकली होती. कुमुदताईंनी सायकल तिच्यापुढे आडवी लावली. मेंढ्या गेल्या, तो हॉर्न वाजवू लागला, तरी कुमुदताई हलल्या नाहीत.

“खाली उतर. माफी माग.”

मागचं दार उघडलं. त्याची आई उतरून कुमुदताईंशेजारी उभी राहिली.

“मघाशी मी गप्प बसले,” ती मुलाला म्हणाली. “आता माफी माग, नाहीतर मी चालत जाईन.”

तो मुकाट्याने खाली उतरला.