तीन नावांचा खेळाडू

न्यू लिनच्या आमच्या रग्बी लीग क्लबने परिसराचा आजवरचा सर्वोत्तम संघ निवडायला घेतला आणि जुनी स्कोअरबुकं चाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. साठच्या दशकात टॉम, टॉमी आणि थॉम्पसन असे तिघं सापडले. तिघांचेही गुण बेताचेच, म्हणून समितीने तिघांनाही वगळलं.

मग एक म्हातारी बाई फोटो घेऊन आली. ते तिघं म्हणजे एकच माणूस होता, तिचा बाप, तामिहाना. माओरी नाव जिभेवर बसेना म्हणून स्कोअर लिहिणाऱ्याने दर वेळी सोयीचं काहीतरी खरडलं होतं. गुण एकत्र केले, तर त्याच्या जवळपासही कोणी नव्हतं.

बैठकीत माझं डोकंच फिरलं. "आईबापांनी ठेवलेलं चार अक्षरांचं नाव! तेवढंही तुम्हाला घेता येत नाही? लाज वाटायला हवी!" मी टेबलावर हात आपटला. माझी बायको सरिता क्लबची सेक्रेटरी. ती शेजारून "लहू, हळू बोल," म्हणत माझी बाही ओढत होती, पण मी कसला थांबतोय!

शेवटी समितीने त्या बाईंची माफी मागितली. तामिहाना पूर्ण नावाने संघात आला. अध्यक्षाने खिशातून पेन काढलं आणि तो ओशाळून मला म्हणाला, "संघाच्या पाटीवर तुझेही आभार मानायचेत. तुझं खरं नाव सांग, नीट लिहून घेतो."



मी म्हणालो, "कशाला उगाच? ल्यूकच लिही."